उबदार खोलीत योगासनं: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

गरम खोलीतला योग म्हटलं की घामाने निथळणारी माणसं आणि वाफ धरलेले आरसे आठवतात. ते चित्र बिक्रम पद्धतीचं. तिथे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास, आर्द्रता साधारण 40 टक्के आणि 90 मिनिटांत 26 आसनांचा ठरलेला क्रम असतो. हा लेख त्याच्या अलीकडच्या, बऱ्याच सौम्य प्रकाराबद्दल आहे. खोली 27 ते 32 अंशांपर्यंत तापवलेली, हवा खेळती आणि आसनं नेहमीचीच. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, आणि पुष्कळांना याच्या पुढे जायची कधी गरजही पडत नाही.

32 अंशांवरच का थांबायचं?

आपल्या त्वचेचं तापमान उबदार खोलीत साधारण 33 ते 35 अंश असतं. भोवतालची हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता थेट हवेत जात राहते आणि घाम जोडीला असतो. हवा त्वचेइतकी किंवा त्याहून गरम झाली की तो थेट रस्ता बंद होतो आणि सगळा भार एकट्या घामावर पडतो. घामसुद्धा वाळला तरच गारवा देतो. खोली दमट असेल तर तो नुसता टपकतो, आणि टपकलेल्या घामाने अंग थंड होत नाही. म्हणून 30 अंशांची कोंदट, दमट खोली ही 32 अंशांच्या कोरड्या, हवेशीर खोलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. क्लासची चौकशी करताना तापमानाबरोबर आर्द्रताही विचारा. ती 50 टक्क्यांच्या आत असलेली बरी. ‘किती टक्के ते माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर निदान खिडकी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का ते बघून घ्या.

उबेचा उपयोग किती, आणि कुठे संपतो

ऊब मिळाली की स्नायू लवकर सैल होतात, सांध्यांचा सकाळचा आखडलेपणा कमी जाणवतो, आणि ताण येऊ लागला की शरीर जो ‘पुरे आता’ असा इशारा देतं तो जरा उशिरा येतो. खरी मेख त्या शेवटच्या गोष्टीत आहे. इशारा उशिरा येतो, पण हाडांना हाडं जोडणारे अस्थिबंध आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा एका रात्रीत काही मजबूत झालेल्या नसतात. एरवी गुडघ्यापर्यंत जाणारे हात उबदार खोलीत सहज पावलांना टेकतात, आनंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी बसताना कुल्ल्याच्या हाडापाशी खोलवर दुखतं. मांडीच्या मागचा स्नायू जिथे त्या हाडाला जोडलेला असतो, तिथली ही दुखापत महिनोन्‌महिने रेंगाळते. त्यामुळे या सगळ्या प्रकाराचा मला कळलेला नियम एकच: उबदार खोलीत शरीर जेवढं वाकायला तयार होतं, तेवढं त्याला वाकवायचं नाही. थोडं हातचं राखायचं.

आपल्याकडे हे नवीन नाही. ‘अष्टांगहृदय’ बलवान माणसालाही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करायला सांगतं, आणि एरवी, म्हणजे उष्म्याच्या दिवसांत, त्याहूनही मंद. कृत्रिम उष्मा तयार करून त्यात उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

घामाबरोबर शरीरातली विषं बाहेर जातात, हे मात्र मनातून काढून टाका. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकी सगळं नगण्य. गाळण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. क्लासनंतर वजनकाटा एक किलो कमी दाखवतो तेही पाणीच, संध्याकाळपर्यंत परत येतं. उष्णतेने योगाचे फायदे दुप्पट होतात असंही नाही. 2018 साली ‘एक्सपेरिमेंटल फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात बिक्रमचाच क्रम 12 आठवडे एका गटाने 40.5 अंशांत आणि दुसऱ्याने 23 अंशांत केला. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात झालेल्या सुधारणेत उष्णतेचा वाटा दिसला नाही. काम आसनांनी केलं होतं. तेव्हा ऊब आवडत असेल, तिच्यात अंग मोकळं वाटत असेल, तर जरूर करा. आवडत नसेल तर साध्या खोलीत करून तुमचं काहीही बुडत नाही.

आधी हे तपासा

गरोदर असाल तर तापवलेली खोली नको. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत शरीराचं आतलं तापमान वाढणं बाळासाठी धोक्याचं असतं. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, अपस्मार (फिट येणं), पूर्वी कधी उष्माघात झालेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) असणाऱ्यांची लक्षणं शरीर तापल्यावर तात्पुरती वाढतात, त्यांनाही हे मानवत नाही. मधुमेहींनी लक्षात ठेवायचं की उष्णतेत टोचलेलं इन्सुलिन रक्तात लवकर शोषलं जातं, त्यामुळे साखर अनपेक्षित खाली जाऊ शकते.

औषधांकडे लोकांचं सहसा लक्ष जात नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर, ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं आणि मनोविकारांवरचं लिथियम या सगळ्यांचा घाम, नाडी किंवा शरीरातल्या पाण्याशी संबंध येतो. क्लाससाठी कुठलंही औषध आपण होऊन बंद करू नका. डॉक्टरांना ‘मी 30 अंशांच्या खोलीत तासभर व्यायाम करणार आहे’ असं नेमकं सांगून विचारा. ‘योग केला तर चालेल का?’ एवढंच विचारलंत तर उत्तर होच येणार.

आणि ज्या दिवशी ताप, जुलाब किंवा आदल्या रात्रीचं मद्य अंगात आहे, त्या दिवशी सुट्टी.

आदल्या दिवसापासून क्लासच्या दारापर्यंत

पाणी क्लासच्या दारात उभं राहून गटागटा प्यायचं नसतं. आदल्या दिवशी नेहमीसारखं पाणी पोटात गेलेलं असावं, आणि क्लासच्या दोनेक तास आधी साधारण 400 ते 500 मिलिलिटर प्यावं. लघवी फिकट पिवळी असेल तर तयारी ठीक आहे. गडद असेल तर त्या दिवशी जोर लावू नका. भरपेट जेवणानंतर तीन तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. मात्र उपाशीपोटीही जाऊ नका. चक्कर येणाऱ्या नवख्यांपैकी बरेच जण सकाळपासून काही न खाता आलेले असतात.

कपडे अंगाबरोबर राहणारे, पातळ आणि घाम लवकर वाळू देणारे. जाड सुती कपडा भिजला की जड होऊन अंगाला चिकटतो. अंगठ्या काढून ठेवा, उष्णतेत बोटं किंचित सुजतात. अंगाला तेल किंवा लोशन लावून येऊ नका. ते घामात मिसळतं आणि मॅटची घसरगुंडी होते.

मॅटवर पसरायच्या टॉवेलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पहिल्या दिवशी बहुतेकांचा गोंधळ इथेच उडतो. मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल ओला झाल्यावर पकड देतो, कोरडा असताना उलट घसरतो. त्यामुळे घाम यायच्या आधीच अधोमुख श्वानासनात (हात-पाय टेकून कंबर वर उचलायची) गेलं की हात पुढे सरकत राहतात, आणि माणूस खांदे आवळून त्यांना धरून ठेवायला बघतो. उपाय सोपा आहे: तळहात आणि पावलं जिथे येणार तिथे सुरुवातीलाच चार थेंब पाणी शिंपडा आणि हाताने दाबून घ्या. टॉवेलची पुढची कड मॅटच्या कडेखाली दुमडली तर तो गोळा होत नाही. चेहऱ्यासाठी एक लहान नॅपकिन वेगळा ठेवा. श्वानासनात डोकं खाली गेलं की कपाळावरचा घाम उलटा वाहतो, सरळ डोळ्यांत जातो आणि झोंबतो. लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्म्यावर भागवावं, किंवा चष्माही काढून ठेवावा.

खोलीत गेल्यावर

दहा मिनिटं लवकर पोचा. जागा निवडताना दोनच गोष्टी बघा: दार जवळ असावं आणि हीटरचा झोत थेट अंगावर येऊ नये. छतावर किंवा भिंतीवर इन्फ्रारेड पॅनेल असतील तर त्यांच्या अगदी खालची जागा टाळा. ते हवेपेक्षा समोरच्या वस्तूला आणि माणसाला जास्त तापवतात, त्यामुळे भिंतीवरचा आकडा 30 दाखवत असला तरी तुमच्या पाठीला वेगळाच अनुभव येतो. शिक्षकांना सांगा, ‘आज पहिलाच दिवस आहे.’ यात संकोच कसला? चांगला शिक्षक तुमच्याकडे दोनदा जास्त बघेल.

पहिली पाच मिनिटं बसून राहा, किंवा पडून. शरीराला खोलीची सवय होऊ द्या. त्वचेकडे रक्त जास्त वळतं आणि नाडी थोडी वाढते, तुम्ही अजून एकही आसन केलेलं नसताना.

आसनं करताना

श्वास हेच मोजमाप. तोंड मिटून नाकाने शांत श्वास चालू आहे तोवर ठीक. तोंड उघडलं, श्वास तुटायला लागला की त्याच क्षणी एक पायरी मागे या: वीरभद्रासनात पुढचा गुडघा थोडा सरळ करा, हात कमरेवर घ्या. तरी श्वास जागेवर आला नाही तर बालासन (गुडघे दुमडून बसून कपाळ जमिनीला टेकायचं), नाहीतर सरळ बसा. बालासनात कपाळ टेकल्यावर जास्तच कोंडल्यासारखं होत असेल तर बसणं बरं. शेजारचा काय करतोय याच्याशी तुमचा संबंध नाही. तो कदाचित वर्षभर येत असेल, कदाचित तोही चुकत असेल.

प्रत्येक ताणाच्या आसनात जिथे पहिल्यांदा स्पष्ट ताण जाणवतो तिथे थांबा, आणि मग किंचित मागे या. दोन खुणा लगेच थांबण्याच्या: सांध्याच्या आत किंवा गुडघ्याच्या मागे टोचणं, आणि कुल्ल्याच्या हाडापाशी ओढल्यासारखं होणं. ताण स्नायूच्या मधल्या, मांसल भागात असावा. ज्यांचे सांधे मुळातच लवचीक आहेत, कोपर किंवा गुडघा सरळ रेषेच्या मागे जातो, त्यांनी तर इथे ताणाचा नाद सोडून ताकदीकडेच लक्ष द्यावं. त्रिकोणासनात गुडघा कुलूप लावल्यासारखा मागे ढकलू नका, मांडीचा स्नायू आवळून ठेवा.

घामाने काही आसनांचं गणित बदलतं. वृक्षासनात ओली मांडी आणि ओलं पाऊल यांची जोडी टिकत नाही, पाऊल घसरून थेट गुडघ्यावर येतं. ते पोटरीवर ठेवा, मधे नॅपकिन घाला. बकासनात दंडावर टेकलेले गुडघे असेच सटकतात, ते आसन साध्या खोलीसाठी राखून ठेवा. पश्चिमोत्तानासनात अंगठे धरायला गेलं तर बोटं निसटतात आणि कंबरेला हिसका बसतो. तळव्याभोवती पट्टा किंवा टॉवेल घालून धरा.

उत्तानासनातून, म्हणजे उभ्याने पुढे वाकलेल्या स्थितीतून, उठताना सगळ्यात जपायचं. उष्णतेत त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त त्वचेत आणि पायांत जास्त साचतं. अशात डोकं खालून झटकन वर आलं की रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गुडघे वाकवा, हात मांड्यांवर ठेवा, दोन श्वास घेत अर्ध्यावर थांबा, मग डोकं सगळ्यात शेवटी वर आणा. उष्ट्रासनासारख्या मोठ्या मागे वाकण्यातही असंच होऊ शकतं. पहिले काही आठवडे भुजंगासन आणि सेतुबंधासन पुरेसं आहे.

कपालभाती, भस्त्रिका आणि लांब कुंभक (श्वास रोखून धरणं) तापलेल्या खोलीत नकोत. ते स्वतःच ऊब वाढवतात आणि डोकं हलकं करतात. क्लासमध्ये घेत असतील तर तुम्ही साधा श्वास घेत बसा.

मधे पाणी प्यायचं तर घोट-दोन घोट. पोटात पाणी डुचमळलं की पुढे वाकताना मळमळतं. आणि क्लास चालू असताना पाणी प्यायचं नाही, बाहेर जायचं नाही असा नियम कुठे असेल, तर तो क्लास नवख्यांसाठी नाही. सरळ दुसरा शोधा.

शवासन निदान सात-आठ मिनिटं. त्या वेळी हीटर बंद असावा. शेवटची काही मिनिटं शीतली (जिभेची नळी करून तोंडाने श्वास आत घेण्याचा प्राणायाम) करायला हरकत नाही. उठताना उजव्या कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, मिनिटभर बसून मगच उभे राहा.

हे दिसलं की थांबायचं

डोकं ठणकणं, मळमळ, गरगरणं, पोटरीत गोळे येणं, अंगावर शहारे येऊन थंडी वाजल्यासारखं होणं. तापलेल्या खोलीत थंडी वाजणं हे चांगलं लक्षण नाही. खोलीबाहेर जा, आडवे पडा, पाय थोडे वर घ्या, मानेवर आणि काखेत ओला कपडा ठेवा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट घ्या. खोलीतच आडवं पडून राहिल्याने उपयोग होत नाही, कारण तापवणारी गोष्ट खोलीच असते. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांडतोय, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजायचा, अंगाला घाम असला तरीही. तातडीने रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत पाणी ओतून, वारा घालून, मिळेल तिथून बर्फ आणून अंग थंड करत राहा. शुद्ध हरपलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

क्लासनंतर

एकदम गार वाऱ्यात किंवा बर्फासारख्या पाण्याखाली जाऊ नका. घाम पुसा, कपडे बदला, दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने अंघोळ करा.

पाणी किती प्यायचं ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा सुरुवातीच्या दोन-तीन वेळा वजन करून बघा: क्लासच्या आधी एकदा, आणि नंतर अंग पुसून, ओले कपडे उतरवून एकदा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम, मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवायचं. पुढच्या काही तासांत वजन जेवढं घटलं तेवढं किंवा त्याच्या दीडपट पाणी भरून काढा, आणि नेहमीच्या जेवणातलं मीठ बाकीचं काम करेल. वजन उलट वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. फार घाम गेल्यावर नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिण्याने रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी आणि मळमळ हीच असतात. म्हणून ‘डोकं दुखतंय, म्हणजे अजून पाणी हवं’ हा निष्कर्ष दर वेळी बरोबर नसतो.

पहिला महिना

आठवड्यातून दोन वेळा, मधे निदान एक दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात 27-28 अंश आणि 30 ते 40 मिनिटं. वेळ आणि तापमान एकाच आठवड्यात वाढवू नका, एका वेळी एकच. रोज उष्णतेत व्यायाम केला तर शरीर एक-दोन आठवड्यांत जुळवून घेतं: घाम लवकर सुटायला लागतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातला द्रव भाग वाढतो, नाडी फार चढत नाही. आठवड्यातून दोनच दिवस करणाऱ्याला याला जास्त वेळ लागणार. ही सवय टिकाऊ नसते, तीन-चार आठवडे खंड पडला की जवळजवळ पुन्हा पहिल्यापासून. परत आलात की तापमान आणि वेळ दोन्ही खाली आणा.

आठवड्यातला निदान एक सराव साध्या खोलीत, न तापवता करा. तुमची खरी लवचीकता किती वाढली ते तिथेच कळतं.

घरी करायचं असेल तर

छोटी खोली, तेलाचा रेडिएटर किंवा थर्मोस्टॅट असलेला हीटर. कोळसा, लाकूड किंवा गॅस जाळून बंद खोली तापवायची नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटर मॅटपासून निदान एक मीटर लांब, भिंतीच्या प्लगमध्ये थेट लावलेला (एक्स्टेन्शन बोर्ड तापतो), आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही. खोली आधी वीस-पंचवीस मिनिटं तापवून घ्या आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल यंत्र पुरतं, पण ते कुठे ठेवता ते महत्त्वाचं. गरम हवा वर जाते. जमिनीवर ठेवलेलं यंत्र 27 दाखवत असताना उभ्या माणसाच्या डोक्यापाशी 30 असू शकतं. बसल्यावर छाती येते त्या उंचीवर, स्टुलावर, हीटरपासून लांब ठेवा. बाहेरच उकडत असेल तर हीटरचा विचारही करू नका, खिडक्या उघडा आणि पंखा लावा.

पहिले काही दिवस घरात दुसरं कोणीतरी असताना करा आणि दाराला आतून कडी लावू नका. झाल्यावर खिडक्या सताड उघडा. मॅट पुसून, गुंडाळी न करता सावलीत वाळवा, टॉवेल त्याच दिवशी धुवा. ओलसर गुंडाळलेल्या मॅटला दोन दिवसांत वास येतो, आणि बुरशीचं खाजणारं चकंदळ उठलं की मग औषधात महिना जातो.